आधी बाहेर, मग भांडण

करोल बाग, ७ जानेवारी

गिरिजा,

आज जिन्यात मेलेला उंदीर सापडला, म्हणून लिहितोय. निमित्त म्हणशील तर निमित्त. पण उंदीर खरा होता. शेपटीला धरून मीच उचलला आणि आमच्या खोलीतले गौरवसाहेब वरच्या पायरीवरून सूचना देत होते. "तू उचल. उद्याचा कलेक्टर असल्या कामाला हात लावत नसतो." अजून एकदाही प्रिलिम निघालेली नाही त्याची, पण रुबाब बघ.

तूच म्हणाली होतीस, फोन करायचा नाही, दुसऱ्याच्या फोनवरून तर मुळीच नाही. काही सांगायचंच असेल तर लिही, कागदावर ओरडता येत नाही. मला ब्लॉक करण्याआधीचं तुझं शेवटचं वाक्य. तर हा बघ, न ओरडता लिहितोय.

त्या नोएडावाल्याची माफी मी मागणार नाही. तुला बघायला येतो आणि जिन्यात मलाच विचारतो, "भैया, सबनीस जी किस फ्लोर पे?" भैया! मी सांगितलं, मुलीचं ठरलंय, माझ्याशी. ठरलेलं नव्हतं, कबूल. तो वर जाऊन ते तुझ्या बाबांनाच विचारेल हे मला काय माहीत? पोह्यांच्या बशा हातात घेऊन तू उभी होतीस आणि नंतर मला एवढंच म्हणालीस, "तू माझ्यासाठी भांडत नाहीस, सुधन्वा. माझ्यावरून भांडतोस." पुढच्याच आठवड्यात पुण्याला गेलीस, तुझ्या प्लेगच्या कागदपत्रांकडे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मेलेली माणसं तुला माझ्यापेक्षा जवळची.

तुझ्या बाबांनी, म्हणजे आमच्या घरमालक काकांनी, महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलंय, ते तुला कळलं असेलच. पण आज त्यांचं एक काम मीच करून दिलं. थंडी मरणाची पडलीय. तुमच्या पॅसेजमध्ये उजेडासाठी ती लोखंडी जाळी आहे ना, खाली छाबडाच्या गोदामापासून वर आमच्या गच्चीपर्यंत आरपार, तिथून वारं येतं म्हणून ते कुरकुरत होते. मी गच्चीवरून तिच्या तोंडावर चांगली जाड ताडपत्री टाकली आणि चारी बाजूंनी विटा ठेवल्या. खालून ते म्हणाले, "हां, आता बंद झालं." माझ्याशी नाही, ताडपत्रीशी बोलले. पण बोलले.

बाहेर धुकं एवढं आहे की समोरचं पार्क दिसत नाही. सगळ्यांच्या खिडक्या बंद. आता मेट्रो पकडून नोएडाला जातो, तिथे दिवसभर दुसऱ्यांच्या व्हिडिओंना सबटायटलं लावायची. कॉलेज सोडलं तेव्हा एवढंच मराठी-हिंदी येत होतं, तेच उपयोगी पडतंय.

सुधन्वा


करोल बाग, १० जानेवारी

गिरिजा,

अजून उंदीर मेले. एक पाण्याच्या मीटरच्या पेटीत, दोन जाळीच्या कडेला, एक तुमच्या दारातल्या पायपुसण्यावर अंग पसरून. काकूंनी त्याला ओलांडून दूध घेतलं आणि मग तासभर "शिव शिव" करत बसल्या. घरभर एक विचित्र वास सुटलाय. काकूंचं म्हणणं, खाली छाबडाची माणसं मासे शिजवतात, वर लसूण घालतात. काकांचं म्हणणं, उंदीरच कुठेतरी सडतोय. छाबडा काजू-बदाम आणि राजम्याच्या पोत्यांनी भरलेल्या गोदामाला कुलूप घालून लुधियानाला लग्नाला गेलाय. शेजारचा सांगत होता, जाताना फार खुशीत होता. म्हणे, "चूहों का इस बार पक्का इलाज कर दिया."

इलाज कसला? मला वेगळाच संशय येतोय. हसू नकोस.

आठवतं, हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला, रिजच्या टेकडीवर आपण चालायचो? तू म्हणायचीस, बघ, ग्वाल्हेरहून आलेला आपला एक माणूस दिल्लीच्या टेकडीला नाव देऊन गेला, आणि तुला साधं लाइटबिल वेळेवर देता येत नाही. तिथेच त्या दगडी कठड्यावर बसून तू मला अख्खा प्लेग सांगितलास. आधी उंदीर पडतात, मग माणसं. दोन दिवस ताप, डोकं ठणकतं, वांत्या, काखेत नाहीतर जांघेत गाठ. लोक गाठीवर बिब्बा घालायचे, तापवलेल्या सळईचा डाग द्यायचे, जळवा लावायचे, राईचं पोटीस बांधायचे. घराची दारं-खिडक्या घट्ट लावून कडुनिंबाच्या पाल्याची, गुग्गुळाची, गंधकाची धुरी करायचे. सरकारी माणसं येऊन कौलं उतरवायची, भिंतींना चुना मारायची, आणि लोक त्यांच्या अंगावर धावून जायचे. हे सगळं मला पाठ आहे. पुढे तू "पण" म्हणालीस, हात वर केलास, आणि तुझ्या कानामागची बट सुटून गालावर आली. त्या "पण"नंतर काय म्हणालीस ते माझ्याकडे नाही. मी बट बघत होतो.

काकांच्या गोष्टीचंही तसंच, अर्धीच ऐकली. गणपतीला मला जेवायला बोलावलं होतं, तेव्हा माझी गणती माणसांत होती. कराडजवळच्या त्यांच्या मूळ गावात उंदीर पडले तेव्हा त्यांच्या पणजोबांनी देव टोपलीत घातले आणि काहीतरी केलं. काय केलं? तू वरण वाढत होतीस गं. माझ्या पानापाशी वाकली होतीस.

गौरवला म्हटलं, हा प्लेग असेल. तो म्हणाला, "प्लेग नाही, तुला एकतर्फी प्रेमाचा सन्निपात झालाय. गाठ तुझ्या डोक्यात आहे." मी त्याची इतिहासाची गाइडं जिन्यातून खाली फेकली. मग दोघांनी मिळून गोळा केली.

काकू बऱ्या आहेत. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. बऱ्या आहेत.

सुधन्वा


करोल बाग, १३ जानेवारी, भोगी

गिरिजा,

काकूंनी मला शपथ घातलीय की तुला काही कळवायचं नाही. तुझ्या प्रबंधाची तारीख जवळ आली आहे, तू सगळं टाकून धावत येशील, म्हणून. त्यामुळे मी हे तुला सांगत नाहीये. मी फक्त लिहितोय.

काल तू फोन केलास तेव्हा काकू पलंगाला धरून बोलत होत्या. "अगं बिल्कुल ठीक आहे, तिळाचा पाक करतेय." पाक मी ढवळत होतो. त्यांना त्याआधी दोनदा उलटी झाली होती. डोकं फुटेल असं दुखतंय म्हणतात, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. काका म्हणतात, मला काही नाही, नुसती छाती जड वाटते, थंडीने. गल्लीतले डॉक्टर येऊन गेले. पोटाचं इन्फेक्शन, ओआरएस द्या, विश्रांती घ्या, सगळीकडे हेच चालू आहे. उंदरांचं सांगितलं तर म्हणाले, "दिल्ली है भाई, चूहे तो मरेंगे ही."

गाठ आहे का, हे काकूंना मी कसं विचारणार? काकांना विचारलं. ते म्हणाले, "काय रे हिरो, मुलीच्या मागे लागून झालं, आता माझ्या काखा तपासणार?" ताप मात्र दोघांनाही नाही. हेच मला कळत नाही. प्लेग म्हणजे ताप हवा ना?

मग मी ठरवलं, तुझं उत्तर येईल तोपर्यंत मला येतं ते करायचं. पार्कातल्या झाडाचा कडुनिंब तोडून आणला, पंसाऱ्याच्या दुकानातून गुग्गुळ आणला. गंधक नव्हतं. तुमच्या खोल्यांच्या खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबली, दाराखाली गोधडी लावली आणि घमेल्यात निखारे करून धुरी केली. अगदी तू सांगितली होतीस तशी. काकू पहिल्यांदा म्हणाल्या, बरं वाटतंय, आईच्या घरची आठवण झाली. मग खोकायला लागल्या. खोकता खोकता पांढऱ्या पडल्या. काका आतून आले आणि त्यांनी घमेलं लाथेने उडवलं. "माझं घर जाळतोस? तिला तिकडून परत आणायला ही नाटकं करतोस? चल, बाहेर हो!"

मी ओरडलो, गिरिजा. तुझ्या बाबांवर. काय बोललो ते लिहीत नाही. काकू मध्ये उभ्या राहून नुसतं "अरे नको, अरे नको" म्हणत होत्या, भिंतीला टेकून.

आता दार लागलंय आतून. खिडक्यांत मी कोंबलेले कागद तसेच आहेत, थंडीला बरे म्हणून त्यांनी ठेवले असतील.

त्या "पण"नंतर काय होतं? एवढं एक सांग. मग जन्मभर ब्लॉक कर, मी जिन्यात तुझ्या नावाचा शब्दही काढणार नाही. हे स्पीड पोस्टने टाकतोय. खिडकीवरचा माणूस म्हणाला, परवा मिळेल. त्याच्याशी भांडलो की आजच का नाही. मागच्या रांगेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले, मग गप्प बसलो.

फोन करावासा वाटतो. तू सांगितलंयस म्हणून करत नाही. मूर्खपणा वाटत असेल तर तो तुझा हुकूम आहे.

सुधन्वा


हॉस्पिटलचा कॉरिडॉर, १६ जानेवारी

गिरिजा,

तुझी गाडी मथुरेला धुक्यात उभी आहे, असा तुझा मेसेज आलाय. विमानं रद्द, गाड्या लेट, आणि इथे मला बसून राहण्याशिवाय काम नाही. फोनवर मी तुला फक्त "आहेत", "बघतायत", "अजून तसंच" एवढंच पाठवू शकतो. बाकीचं लिहितो. हे पोस्टात टाकणार नाही, तू आलीस की हातात देईन.

काल सकाळी ड्यूटीला निघून करोल बाग स्टेशनच्या जिन्यापर्यंत पोचलो होतो तेव्हा फोन वाजला. तुझं नाव. मी आधी रेलिंगला धरलं. तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे, पण मला पुन्हा लिहावंसं वाटतंय:

"पत्र मिळालं. खिडक्या उघड. धुरीने कोणी वाचलं नव्हतं, बिब्ब्याने तर नाहीच. घर सोडून माळावर झोपड्यांत गेले ते वाचले. हे मी तुला सांगितलं होतं, तू ऐकत नव्हतास. आई फोन उचलत नाहीये. दोघांना बाहेर काढ, आत्ता. आधी बाहेर काढ. मग भांड."

धावत आलो. दार वाजवलं. बराच वेळ कोणी उघडेना. मग काकांनी उघडलं. चौकट धरून उभे होते, ओठ निळसर, आणि आतून तो लसणासारखा वास असा आला की माझंच डोकं फिरलं.

"काका, चला, खाली पार्कात बसू. गिरिजाने सांगितलंय."

"गिरिजाने? तुला?" म्हणाले. "ती तुझ्याशी बोलत नाही हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

फोन दाखवला. चष्मा नव्हता त्यांच्या डोळ्यांवर. म्हणाले, असले मेसेज कोणीही टाइप करतं.

काकू पलंगावर. त्यांना उठवायला गेलो तर म्हणाल्या, "आज किंक्रांत आहे रे. करीदिनाला घराबाहेर पडत नाहीत. उद्या जाऊ." आणि पुन्हा डोळे मिटले. आदल्या दिवशीचा, संक्रांतीचा तिळगूळ तसाच ताटलीत पडला होता, कोणाला द्यायलाही उठल्या नव्हत्या.

मी खिडकीतले कागद उपसायला लागलो. काकांनी मनगट धरलं. "थंडी आत येतेय! हात लावू नकोस माझ्या घराला!" त्यांच्या पकडीत काही जोर नव्हता, एखाद्या लहान मुलाने धरावं तसं. त्यानेच मी घाबरलो. आणि मला राग आला, तुला माहीत आहे तो, डोक्यात पांढरं होतं तो. दोघांना खांद्यावर टाकून नेता येईल असं वाटलं. तोंड उघडलं ओरडायला. आणि उघडंच ठेवलं. कारण माझ्या ओरडण्याने कोणी कधीच आलेलं नाही, ना तू, ना ते. ओरडलो असतो तर त्यांनी मला जिन्यात ढकलून दार लावलं असतं आणि ते दार मग उघडलं नसतं.

गिरिजा, तेव्हा मला ती गणपतीतली गोष्ट पुढची आठवली. तू वरण वाढत होतीस आणि मी ऐकत नव्हतो, तरी कानात कुठेतरी पडली होती. पणजोबांचं कोणी ऐकेना. म्हातारी माणसं उंबरा सोडेनात, घर टाकून माळावर कोण जातो म्हणाली. तेव्हा त्यांनी कोणाशी वाद घातला नाही. देव टोपलीत घातले आणि एकटे चालायला लागले. देव बाहेर पडल्यावर घरात दिवा कोणापुढे लावायचा? म्हणून घर मागून निघालं.

मी बूट घालूनच तुमच्या देवघरापाशी गेलो. आंघोळ केलेली नव्हती. समोर जे होते ते सगळे मफलरमध्ये गुंडाळले, बाळकृष्ण, शाळिग्राम, गणपती, काकूंच्या माहेरचा तो चांदीचा टाक. समई आडवी झाली. काकू पलंगावरून ओरडल्या, आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने, "अरे मेल्या, पारोसा देवांना शिवतोस! बूट! अरे बूट!"

मी दाराबाहेर. काका मागे. "चोर! पकडो उसको! चोर है!" जिन्यात एका हाताने कठडा धरून, दुसऱ्याने माझी कॉलर शोधत. मी एकेक पायरी मुद्दाम हळू उतरत होतो, त्यांना वाटावं की आता सापडला. काकू त्यांच्या मागे, अनवाणी, शाल अर्धी जमिनीवर. गौरव वरून धावत आला आणि म्हणाला, "सुध्या, वेडा झालास? देव चोरतोस?" मी म्हटलं, "काकूंना धर. पडू देऊ नकोस. बाकी नंतर विचार." त्याने धरलं. त्याला एक पदक द्यायला पाहिजे.

रस्ता ओलांडला, पार्कात शिरलो, धुक्यात बाकावर देव ठेवले. काका पोचले, मला कानाखाली मारायला हात उचलला आणि तिथेच गवतावर बसले. बसले म्हणजे पाय गेलेच. मग उलटी. मग डोळे वर. काकू बाकाला धरून देव मोजत होत्या आणि मध्येच त्यांनी मोजणं सोडून काकांचं डोकं मांडीवर घेतलं.

गौरवने ई-रिक्षा अडवली. रिक्षावाला नाही म्हणत होता, म्हातारा माणूस वाटेत गेला तर पोलिस मला धरतील. गौरव त्याला म्हणाला, "मैं आईएएस हूँ." रिक्षावाल्याने त्याच्या माकडटोपीकडे बघितलं आणि तरी घेतलं.

इथे इमर्जन्सीत एक डॉक्टरीण होती, देविका नाव, आपल्या अमरावतीची निघाली. मी तिला प्लेगचं सगळं सांगायला लागलो, उंदीर, वास, धुरी. तिने मध्येच हात वर केला. "गाठ नाही, ताप नाही. वास कसला म्हणालास?" मी म्हटलं, लसूण, सडके मासे. तिने विचारलं, "घराखाली धान्याचं गोदाम आहे?"

प्लेग नव्हता, गिरिजा. धान्याला कीड लागू नये म्हणून टाकतात त्या गोळ्या. हवेतल्या ओलीने त्यांचा विषारी गॅस होतो. छाबडाने आधी थोड्या टाकल्या होत्या, उंदीर पटापट मेले म्हणून लग्नाला जाताना पोत्यांमध्ये भरपूर ठेवून कुलूप घातलं. तो गॅस जाळीतून वर येत होता आणि तुमच्या बंद खोल्यांत साठत होता. आमची खोली गच्चीवर, ताडपत्रीच्या वर, उघड्यावर. मी दिवसभर नोएडात, गौरव लायब्ररीत. म्हणून आम्हाला काही झालं नाही. पोलिसांनी आणि अग्निशमनवाल्यांनी दुपारी कुलूप तोडलं. त्यांच्यातल्या एकाने गच्चीवरून खाली ओरडून विचारलं, "जाली किसने बंद की?"

मी म्हटलं, "मैंने."

पहिल्या पत्रात ते मी किती रुबाबात लिहिलं होतं ते तुझ्याकडे आहे. फाडू नकोस.

मी देविका मॅडमना विचारलं, आता औषध कोणतं? त्या म्हणाल्या, "याच्यावर उतारा नाही. ऑक्सिजन, सलाइन, हृदयावर लक्ष. आणि घराबाहेर काढलंत, तेच औषध. खिडक्या बंद ठेवून आजची रात्र तिथे झोपले असते तर माझ्याकडे आणायची वेळच आली नसती." म्हणजे तुझ्या प्लेगवाल्यांचं तेच. उंदीर का पडतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. उंदीर पडले की घर सोडायचं एवढं त्यांना ठाऊक होतं. आणि मी सगळं सोडून धुरीच लक्षात ठेवली.

काकू जनरल वॉर्डात आहेत, बोलतायत, मळमळ कमी आहे. सकाळी मला म्हणाल्या, "देव कुठे आहेत?" मी पिशवी दाखवली. म्हणाल्या, "अन्नपूर्णा राहिली." खरंच राहिली, समईच्या मागे होती, मला दिसलीच नाही. मी म्हटलं, आणतो आत्ता. तर म्हणाल्या, "नको. पोलिसांनी सील केलंय ना? असू दे. तेवढं घर सांभाळेल." मग थोड्या वेळाने, "अच्छा, एक सांग. मुद्दाम चोरलेस ना?" मी हो म्हटलं. त्या भिंतीकडे वळल्या. खांदे हलत होते, हसत होत्या की रडत ते कळलं नाही.

काका आयसीयूत आहेत. हृदयाचे ठोके चुकतायत. मॅडम म्हणाल्या, चोवीस तास काही सांगता येत नाही. ते संपत आलेत. आत सोडत नाहीत, मी रक्ताचा नाही. दाराच्या काचेतून एक पाय दिसतो, पांढऱ्या चादरीखाली. तो हलतो का ते बघत बसलोय. मघाशी हलला असं वाटलं. गौरव म्हणतो, तुझे डोळे हलतायत, झोप जरा. वॉर्डबॉयशी मी एकदाही भांडलेलो नाही. विश्वास ठेव.

तू आलीस आणि त्याआधी काही झालं असलं, तर ते तुला माझ्या तोंडून कळू नये म्हणून मी हा कागद आधीच लिहून ठेवतोय, असं नाही. मला फक्त भीती वाटतेय आणि तुझ्याशी बोलायचंय.

थांब. नर्स बाहेर आली.


तिथेच, संध्याकाळी

नर्सने विचारलं, "यहाँ चोर कौन है?"

कॉरिडॉरमधले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गौरवने माझ्याकडे बोट केलं, दुसऱ्या हाताने तोंड दाबलं होतं त्याने. नर्स म्हणाली, "सबनीस अंकल ने मास्क हटाके बोला, चोर को बुलाओ. चलो, दो मिनट. जूते उतार के."

या वेळी बूट काढले.

काकांच्या छातीला तारा, नाकातोंडावर मास्क, मास्कच्या आत वाफ. डोळे उघडे. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग मास्क बाजूला करून म्हणाले, "सगळे आणलेस?"

मी म्हटलं, "अन्नपूर्णा राहिली, काका."

नर्सने मास्क परत लावला. त्यांनी तो पुन्हा काढला. "आणि ती ताडपत्री?"

"मीच टाकली होती."

"मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. दमले. डोळे मिटून घेतले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "माझा पणजोबा बूट घालून नव्हता गेला हो देवांपाशी."

"त्याच्याकडे नसतील," मी म्हटलं. तोंडातून गेलं, गिरिजा. ओठ चावला लगेच. मास्कच्या आत वाफ जोरात आली-गेली, मशीनने टुंई केलं, नर्सने मला दंडाला धरून बाहेर काढलं. जाताना तिने सांगितलं, घाबरायचं नाही, अंकल हसले, म्हणून वाजलं.

मॅडम येऊन बघून गेल्या. ठोके आता बरेच नीट आहेत. आजची रात्र इथेच ठेवतील, मग वॉर्डात. हे मी तुला मेसेज केलंय, तुझं "हं" आलंय. त्या "हं"मध्ये तू रडतेयस हे मला कळलं.

गाडी मथुरेहून सुटली म्हणतेस. धुकं जरा उतरलंय, कॉरिडॉरच्या खिडकीतून समोरची झाडं दिसतायत. खिडकी मी उघडीच ठेवलीय, वॉर्डबॉय दोनदा बंद करून गेला, मी दोनदा उघडली. भांडण नाही, नुसती उघडली.

नोएडावाला, ताडपत्री, धुरी, तुझ्या बाबांवर ओरडलो ते, पारोशाने चोरलेले देव, आणि ते सगळं जे मी ऐकलं नाही कारण मी तुझ्याकडे बघत होतो. यादी मोठी आहे. स्टेशनवर मी येत नाही, इथून हलणार नाही. तू सरळ इकडेच ये.

तुझं सांगितलेलं एक काम झालंय. दोघेही बाहेर आहेत.

आता भांड.

सुधन्वा